अंड्यांची चौकट

ता. १४, दुपारचा चहा झाल्यावर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा आपल्या जागी दुखतोय, सूनबाईचा खोकला गेला, आणि परवा मी पुन्हा शिलाईच्या मशीनवर कापड टाकलं. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दोन्हींत प्रश्न एकच, की सूनबाई तुझ्याकडे राहायला कधी येणार. उत्तर देतो, पळून जात नाही. पण आधी माश्यांचं ऐक, कारण उत्तर त्यांच्यातच अडकलंय.

तुझी आई गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून बसायला लागलो, तेव्हा सूनबाईने मधमाश्यांच्या दोन पेट्या आणून परसात मांडल्या. पुढे तू नोकरीसाठी तिकडे गेलास आणि ती ‘पेट्या मार्गी लागल्या की येते’ म्हणून मागे राहिली. आम्हा दोघांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी जुनी मच्छरदाणी कापून दोघांना तोंडावरच्या जाळ्या शिवल्या. जन्मभर लोकांचे सदरे बेतले, पण माझ्याच जाळीत पहिल्या दिवशी माशी शिरली आणि नेमकी नाकावर चावली. सूनबाई हसून हसून खाली बसली. या घरात कोणी हसलेलं मी कितीतरी दिवसांनी ऐकलं.

हल्ली दुपारी मी खाट परसाकडच्या खिडकीशी ओढतो. पेट्यांची गुणगुण भिंतीतून येते, हवेला मेणाचा वास असतो. अर्धवट झोपेत वाटतं, तुझी आई पलीकडच्या खोलीत माझ्या मशीनवर उशांचे अभ्रे शिवतेय. मग मी डोळे उघडत नाही. कधीकधी संध्याकाळ होते तरी उघडत नाही.

तर झालं असं. मध्यंतरी डावीकडच्या पेटीत फार गर्दी झाली. माश्या दाराबाहेर दाढीसारख्या लोंबायला लागल्या. आतल्या पोळ्यांच्या चौकटींच्या खालच्या कडेला मेणाच्या शेंगा लटकलेल्या दिसल्या. पेट्या देणाऱ्या गृहस्थांनी सांगून ठेवलं होतं, की या शेंगांत नव्या राण्या वाढतात. शेंगांची तोंडं बंद झाली, की जुनी राणी अर्धी वस्ती घेऊन उठते आणि कायमची जाते. अशा वेळी जुन्या राणीला थोड्या माश्यांसकट वेगळ्या पेटीत घालायचं. पण काहीही करण्याआधी ती आत आहे ना, हे डोळ्यांनी बघायचं. सूनबाई म्हणाली, मी बाजारातून रिकामी पेटी घेऊन येते, मग दोघं मिळून बघू.

ती गेली आणि मी पेटी उघडली. धूर दिला, काजं कापायची कात्री घेतली आणि झाडून सगळ्या शेंगा कापून टाकल्या. राणी शोधली नाही. नजर अधू झालीय हे कारण सांगता येईल, पण ते खरं नाही. मला फक्त जाणं थांबवायचं होतं. कात्री चालवताना इतकं बरं वाटत होतं, की विचारू नकोस.

सूनबाई रिकामी पेटी घेऊन परतली ती धावतच. गल्लीच्या टोकाला रंगाऱ्याच्या घरापुढच्या झाडावर काहीतरी काळं लटकतंय म्हणाली. आमच्याच माश्या होत्या. सकाळी मी न्हाणीत असताना राणी निघूनही गेली होती आणि मला पत्ता नव्हता. फांदीवर तो घड हळूहळू हलत होता, उन्हात चमकत होता. आम्ही शिडी आणायची सोडून बघतच राहिलो. मग सगळा घड सुटला आणि आभाळभर झाला. आम्ही दोघं माना वर करून गल्लीतून चालत राहिलो, लोक विचारत होते काय हरवलं, आणि माश्या घरांवरून दिसेनाशा झाल्या.

घरी येऊन तिने मागे राहिलेल्या पेटीला कान लावला. आतला आवाज बदलला होता, कण्हल्यासारखा. जुनी राणी गेलेली आणि येणाऱ्या साऱ्या मी कापलेल्या. तिने कापलेल्या शेंगा वेचून कागदात बांधल्या. त्यापेक्षा मला रागावली असती तर बरं झालं असतं.

रात्री जेवताना मीच म्हणालो, “मला वाटलं, कोणी जाणार नाही.”

तिने ताटातला घास तसाच ठेवला. म्हणाली, “मी कुठं जातेय, बाबा?”

मी माश्यांबद्दलच बोललो होतो रे. पण तिला जे ऐकू आलं तेच खरं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही उजवीकडच्या पेटीतून कोवळ्या अंड्यांची एक चौकट काढून डावीकडे घातली. राणी नसली, की माश्या अशा अंड्यांतून आपली राणी स्वतः घडवतात म्हणे. त्यांनी घडवली. पुन्हा शेंगा लोंबल्या, या वेळी मी कात्री कपाटात कुलपात ठेवली. परवा सूनबाई बाहेर गेली असताना मी भिंग घेऊन एकटाच पेटीपाशी बसलो. पोळ्याच्या घराघरात ताजी अंडी होती, दोऱ्याच्या बारीक तुकड्यांसारखी उभी. आणि नवी राणी त्यांच्यावरून सावकाश चालत होती. पेटी मार्गी लागली आहे.

संध्याकाळी सूनबाईने विचारलं, काही दिसलं का. मी म्हणालो, अजून नाही.

काल दुपारी खिडकीतून पाहिलं तर ती पेट्यांजवळ स्टुलावर बसली होती, मांडीवर तुझं पत्र. वाचत नव्हती, नुसतं हाताने सपाट करत होती. किती तरी वेळ. मला माझीच लाज वाटली. ती माझ्यासाठी थांबलीय आणि मी तिला थांबवून धरलंय, आणि दोघंही माश्यांचं नाव पुढे करतोय. मला ती इथे हवी आहे, खोटं कशाला बोलू. सकाळी तिच्या बांगड्या वाजल्या की मला उठावंसं वाटतं. पण पोरीचे दिवस माझ्या उशाशी संपायला नकोत.

तेव्हा ये आणि तिला घेऊन जा. ‘तुमच्याकडे कोण बघणार’ म्हणून ती अडून बसेल. मला भात येतो, वरणही जमेल. पेट्यांचं मी बघतो. घर सुनं होईल, त्याची मला भीती वाटते, पण भीती वाटली म्हणून कोणी मरत नाही.

हे तिला तोंडावर सांगायला मी कालपासून शब्द जुळवतोय, जमत नाहीत. म्हणून पत्र टपालात टाकायला तिच्याच हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही.

तुझा, आणि आता हे वाचत उभ्या असलेल्या तिचाही,

बाबा