त्वचेच्या डॉक्टर मंगळवारी बसतात

२९ जाने., गुरु.
गल्लीतल्या डॉक्टरांकडे तिसऱ्यांदा. तोंडाकडे पाहिलंच नाही, नाडी पाहिली. सुई टोचली आणि पुडीत पांढऱ्या-गुलाबी गोळ्या दिल्या. गोळीचं नाव विचारलं तर म्हणाले, "नाव कळून तू काय करणार?" तापालाही हीच पुडी देतात, हे बाहेर आल्यावर आईला सांगितलं. आईचं म्हणणं, गुण येतो ना.
पिंपल्स गालांवर, हनुवटीवर, आता कपाळावरही. काल्हेरला मी काम करते त्या गोडाऊनच्या ऑफिसात प्रत्येकाकडे उपाय आहे. कडुनिंब, पोट साफ, तेलकट बंद. सगळं करून झालं.
२२ तारखेला शेलार गावची माणसं मला बघायला येणार. मुलगा शाळेत शिकवतो. मी नाही म्हटलेलं नाही. आईला त्याआधी पिंपल्स जायला हवेत. मला ते का आलेत हे कळायला हवंय, आणि तेही खऱ्या डॉक्टरकडून.

३१ जाने., शनि.
हाफ डे घेऊन ठाण्याला स्किन क्लिनिकमध्ये. काचेचा दरवाजा, एसी. पांढरा कोट घातलेल्या मुलीने गालांचे फोटो काढले, पॅकेज सांगितलं. लग्नाआधीचं पॅकेज वेगळं. तुम्ही डॉक्टर का, विचारलं. ती काउन्सेलर निघाली. डॉक्टर सर पॅकेज घेतल्यावर भेटतात.
आधी इलाज, मग डॉक्टर. हा क्रम मला मान्य नाही. उठून आले.

३ फेब्रु., मंगळ.
ड्युटी बदलून सरकारी दवाखान्यात. त्वचेच्या डॉक्टर फक्त मंगळवारी बसतात, हे आधी फोनवर विचारून ठेवलं होतं. रांगेत खरूज, नायटे, पॉवरलूमवरच्या माणसांचे सोललेले हात.
डॉक्टर मॅडमनी (पुढे डॉ. मॅ.) उजेडाकडे तोंड करून बसवलं. बोटाने गाल ताणून बराच वेळ पाहिला. काय लावतेस? साबण आणि कोल्ड क्रीम, बाकी काही नाही. उन्हात जळजळतं? हो.
"एखाद दिवस क्रीम नाही लावली तर?"
तर तोंड लाल होतं, खाज सुटते. म्हणून तर रोज लावते.
काहीच लिहून दिलं नाही. पुढच्या मंगळवारी क्रीमची डबी घेऊन ये म्हणाल्या. औषध न देणाऱ्या या पहिल्याच डॉक्टर. राग आला, पण रिक्षा स्टँडपर्यंत ओसरला.

४ फेब्रु.
आई चपात्या लाटत होती. डबीत काय आहे, विचारलं.
"कोल्ड क्रीम हाय, अजून काय. जरा ट्यूब पिळते त्यात."
कुठली ट्यूब? मेडिकलमध्ये मिळते ती. कामतघरला आमच्या चाळीत सगळ्या बायका असंच करतात. कोल्ड क्रीमच्या डबीत ट्यूब पिळायची, काडीने घोटायची, खोका फेकून द्यायचा. पोरी उजळतात. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीने वाण म्हणून याच डब्या वाटल्या. मला आई बारावीपासून हीच देतेय.
आईने कधी लपवलं नाही. तिच्या लेखी ते औषधच नव्हतं. ते क्रीम होतं.
संध्याकाळी मेडिकलमध्ये तीच ट्यूब मागितली. खोक्यावर छापलेलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. दुकानदाराला दाखवलं. तो हसला. "दीदी, ये तो भाजी जैसा जाता है."

१० फेब्रु., मंगळ.
आई सोबत आली. डॉ. मॅ.नी डबी हुंगली, ट्यूब वाचली. यात स्टिरॉइड आहे. पिंपल्स यानेच आलेत, कातडीही पातळ झालीय. आजपासून बंद. बंद केल्यावर आधी वाढेल. लाल होईल, पुळ्या येतील, आग होईल. मग उतरेल, पण महिने लागतील. गोळ्या लिहून दिल्या आणि लावायला एक साधं क्रीम.
आईने विचारलं, "बाईसाहेब, बावीस तारखेनंतर बंद केली तर?"
बावीसला काय आहे ते आईने सांगितलं. डॉ. मॅ.नी पेन खाली ठेवलं. तोंड हिचं आहे, हिलाच ठरवू द्या म्हणाल्या. मग आईकडे निरखून पाहिलं. "तुम्हीही लावता का?"
"मी पोरीसाठी आलेय," आई म्हणाली आणि गालावर पदर ओढून घेतला.


१३ फेब्रु.
लावलेली नाही. गालांना चटणी चोळल्यासारखं होतंय.
पप्पा लूमवरून आले. माझ्याकडे पाहून म्हणाले, तारीख पुढे ढकलू या का? आई म्हणाली, ढकलली तर लोक म्हणतील पोरीत कायतरी हाय. पप्पा जेवायला बसले.
आईचं मागणं एवढंच, फक्त बावीसपर्यंत लाव, मग मी स्वतः फेकून देते. अडचण ही की तिचं चुकत नाही. आज लावली तर दोन दिवसांत चेहरा साफ दिसेल.

१८ फेब्रु.
सूज. पू. ऑफिसात स्कार्फ बांधून बसते.
हे तत्त्वासाठी करतेय की हट्टासाठी, सांगता येत नाही. घरात मी एकटी पदवीधर, त्यामुळे माझा हट्टही सगळ्यांना तत्त्वासारखाच वाटत असेल. पण लावली, पसंत पडले, तर सासरी काय ती डबी घेऊन जायची? आणि आयुष्यभर घोटत बसायचं?

२२ फेब्रु., रवि.
आले. मुलगा, आईवडील, धाकटी बहीण. पावडर लावली नाही.
मुलाने विचारलं, पुढे काय करायचंय. बी.एड. म्हटलं. त्याने मान डोलावली, चेहऱ्याकडे पाहिलं, मग कपाकडे. त्याची आई सरळ बोलली, "तोंडाला काय झालंय गो हिच्या?"
आई उष्णतेचं काहीतरी सांगू लागली. मी म्हटलं, "क्रीममध्ये स्टिरॉइड होतं. डॉक्टरांनी बंद केलंय. काही महिने असंच राहील."
पप्पांनी पंखा वाढवला. मग बहिणीने विचारलं, कुठलं क्रीम? मी सांगितलं. डॉक्टर कुठल्या, तेही सांगितलं. तिच्या आईने तिला डोळ्यांनी गप्प केलं. बहिणीचे गाल गुळगुळीत, गुलाबी. तो गुलाबी रंग मला माहीत आहे.
कळवतो म्हणाले. आई भांडी घासताना एकदाच बोलली, "सांगायची काय गरज व्हती?"

२४ फेब्रु., मंगळ.
शेलारचा निरोप नाही.
दवाखान्यात रांगेत आमच्या पुढे मुलाची आई आणि बहीण. बहिणीने स्कार्फ बांधलेला. त्याच्या आईने आम्हाला पाहिलं, बाकावर जरा सरकल्या. आई शेजारी बसली. ऊन, रिक्षा, पाणी येतं की नाही. स्थळाचं दोघींनीही काढलं नाही.
मग त्यांनी हळूच विचारलं, "सोडल्यावर लय आग होते का?"
"होते ना," आई म्हणाली. "मी पन परवापासून सोडलीय."
मला हे माहीत नव्हतं. आईने पदर खाली घेतला आणि त्यांना आपला गाल दाखवला. त्या वाकून बघत होत्या तेवढ्यात बहिणीचा नंबर पुकारला.
आमचा अजून यायचा होता.