चौदा नंबरच्या केंद्रातली दोन मतं

शुक्रवार, २ मे

आज घरात आलं: नेव्हिओची प्रचाराची कार्डं, दोन हजार — ८४ युरो. भिंतीवरची पोस्टरं, चाळीस — ११० युरो. खळीचा डबा — ९. शतावरीची जुडी, यंदाची पहिली — ३.५०. मारियामातेच्या महिन्यासाठी मेणबत्त्या — ४.

कार्डं संतांच्या चित्रांच्या मापाची असतात, म्हणून गावात त्यांना सगळे ‘छोटे संत’ म्हणतात. माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात संत आंतोनी आहे, त्याच्यावर ठेवून बघितलं — कडेला कड जुळली. लगेच काढून घेतलं. बरं वाटेना.

फोटो मागच्याच निवडणुकीचा. नवा काढ म्हटलं तर नवरा म्हणाला, “तेव्हा हसायला यायचं, तोच राहू दे.” खाली छापलंय: नगराध्यक्ष फ्रेन्यान, नगरसेवक बेल्लुको — म्हणजे नेव्हिओ.

वही काढली. वाडीत कुठल्या घरची किती मतं आपली, ते लिहायचं काम माझं. नेव्हिओचं अक्षर त्याचं त्यालाच वाचता येत नाही, आणि घरात मॅट्रिक झालेली मी एकटी. पंधरा वर्षं आमच्या आघाडीच्या राज्यात ही वही चालली. तीन निवडणुका. यंदा पहिलं पान उघडून नुसती बसले.

मंगळवार, ६ मे

नन्सच्या वृद्धाश्रमात सासूबाईंकडे. सिस्टर लुचिल्ला दारातच भेटली. म्हणाली, तीस जूनला सगळ्यांना हलवणार, नक्की झालं. नवी जागा बेचाळीस किलोमीटर लांब. मला गाडी येत नाही. बस दिवसातून दोन, मध्ये एकदा बदलायची. आठवड्यातून तीनदा जाते मी. ते महिन्यातून एकदा होईल.

जानेवारीत नगरपालिकेत आश्रम हलवायचा ठराव आला तेव्हा नेव्हिओने हात वर केला. स्वतःची आई तिथे असताना! घरी येऊन म्हणाला, “सगळ्यांचे हात वर होते, नोर्मा. माझा एकट्याचा खाली कसा ठेवू?” मी भाजी वाढली.

आमच्या ऑर्नेल्लाला कळलं तेव्हापासून ती फ्रान्समधून, लिऑनहून, घरी फोन करत नाही. फोन बाबा उचलतात म्हणून. मला पत्र लिहिते.

सिस्टरने कापडी पट्ट्या दिल्या. हलवताना कपडे हरवू नयेत म्हणून प्रत्येकावर नाव शिवायचं.

शुक्रवार, ९ मे

बाजार. मासळीवाला जिनो वीस वर्षं माझ्यासाठी ताजे बांगडे बाजूला ठेवतो. आज मी पिशवीत हात घातला तर आधीच बोलला, “सिन्योरा, पैसे काढताय ना? प्रचाराचं कार्ड नको. एक आहे घरी.”

“पैसेच काढतेय.”

“मग ठीक. तुमच्यावर राग नाही माझा. माझी मावशी आहे तिकडे. नेव्हिओला सांगा, बांगडा आईला आवडतो, बेचाळीस किलोमीटरवर ताजा मिळतो का बघ म्हणावं.”

मागे दोघी हसल्या. अर्धा किलो घेतला, एक किलो घ्यायचा होता.

रविवार, ११ मे

चर्चमधल्या मिस्सानंतर नेव्हिओबरोबर घरोघर. धाकटा दीर इव्हानोही होता. त्याचा आवाज मोठा, सगळीकडे, “फ्रेन्यानवर फुली, बेल्लुकोचं नाव! विसरायचं नाही!” नेव्हिओ मात्र दारात उभा राहून एवढंच म्हणायचा, “नाव माझं लिहा. बाकी तुमचं तुम्ही बघा.”

तिसऱ्या घरानंतर इव्हानो चिडला. “दादा, बाकी म्हणजे काय? नगराध्यक्ष काय आपोआप येणार आहे का?”

“लोकांना कळतं.”

“तेच तर वाईट आहे!”

खरं म्हणजे नियम तसाच आहे. कागद एकच. वर नगराध्यक्षाच्या नावावर फुली मारायची, खाली नगरसेवकाचं आडनाव हाताने लिहायचं. दोघं एकाच बाजूचे असायलाच हवेत असं नाही. पण इतकी वर्षं वाडीत असं कुणी केलेलं ऐकलं नव्हतं.

बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: “बघू.” पूर्वी कॉफी यायची. आज फक्त नेव्हिओच्या चुलत बहिणीने, तेरेसिनाने बसा म्हटलं, आणि तीही उभीच राहिली.

बुधवार, १४ मे

पाय दुखतात. वहीत आकडा ९६. मला माहीत आहे, यातले निम्मे तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणून हो म्हणालेत. तरी ९६ लिहिला. इव्हानोला दाखवायला लागतो.

शनिवार, १७ मे

ऑर्नेल्लाचं पत्र. थंडी गेली, कामावर बढती, नवी चादर घेतली. शेवटी: “आई, आजीला खरंच नेणार का? बाबांना विचारू नकोस, तू सांग. आणि तू कुणाला मत देणार तेही सांग. माझ्याशी खोटं बोलू नकोस.”

पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं. उत्तर लिहायला बसले, तारीख लिहिली, उठले.

मंगळवार, २० मे

आज पट्ट्या शिवल्या. चौदा बनियनी, सहा झगे, दोन शाली. प्रत्येकावर ‘झेलिंदा बेल्लुको’. सासूबाई शेजारी बसून मटार सोलत होत्या. एक्क्याण्णव वर्षांच्या, पण मटार माझ्याहून भराभर सोलतात.

“हे नाव कशाला गं शिवतेस?”

“हरवू नये म्हणून, आई.”

“मी कुठे जातेय हरवायला?” मग मान हलवून म्हणाल्या, “त्या पलीकडच्या खोलीतली अमाबिले म्हणत होती, काही जणांना लांब नेणार आहेत. बिचाऱ्या. आपलं बरं आहे. आपला नेव्हिओ आहे ना नगरपालिकेत, तो बघेल.”

सुई बोटात गेली. शालीवर डाग पडला, थंड पाण्याने काढला.

घरी आल्यावर नेव्हिओला सांगितलं. आई काय म्हणाली, शब्द न् शब्द. तो उठून अंगणात गेला, टोमॅटोंना पाणी घातलं. सकाळीच घातलं होतं मी.

शुक्रवार, २३ मे

प्रचार संपला. चौकात फ्रेन्यानचं भाषण. खुर्च्या दोनशे, माणसं साठ-सत्तर. नेव्हिओ मागच्या रांगेत. बारच्या दारातून कुणीतरी ओरडलं, “बेल्लुको, पुढे बस की! आई दिसत नाही का तिथून?” कुणी हसलंही नाही.

पलीकडे औषधवाल्या मिरेल्लाची सभा. विरोधी, डाव्या बाजूची. गर्दी. घटस्फोटित बाई, मिस्साला फक्त नाताळात दिसते. पण सासूबाईंच्या गोळ्या पावसातही स्वतः सायकलवरून आश्रमात आणून देते, हेही मी बघितलंय. निवडून आले तर आश्रम हलवणार नाही म्हणते.

माझे वडील म्हणायचे, लालवाल्यांना मत म्हणजे चर्चला कुलूप. अठराव्या वर्षापासून मी एकाच बाजूला फुली मारत आले.

रविवार, २५ मे

आठची मिस्सा. मग मतदान. आमचं केंद्र शाळेत, चौदा नंबर.

आधी नेव्हिओ आत गेला. बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा घाम आलेला. “एवढा वेळ?” म्हटलं तर म्हणाला, “चष्मा विसरलो.” चष्मा शर्टाच्या खिशात होता.

मग मी. मोबाइल टेबलावर ठेवला, मतदार कार्डावर शिक्का घेतला, ती न पुसणारी पेन्सिल घेतली. आत उभी राहिले. कागद चादरीएवढा मोठा. आधी खाली लिहिलं: बेल्लुको. नीट, सावकाश. एकतीस वर्षं माझंही तेच नाव. पट्ट्यांवर बावीस वेळा शिवलं होतं मंगळवारी.

मग वर आले. पेन्सिल फ्रेन्यानवर नेली. गेलीच नाही पुढे. क्रूस केला — छातीवर. आणि फुली मिरेल्लावर मारली.

घडी घालून पेटीत टाकली. बाहेर नेव्हिओ उभा होता. “झालं?” “झालं.” घरी येऊन मटारभात केला. दोघांनीही थोडाच खाल्ला.

सोमवार, २६ मे

तीनला मतदान बंद, मोजणी सुरू. इव्हानो आमच्या बाजूने केंद्रात बसला होता. साडेसहाला आला. टोपी टेबलावर टाकली.

“गेलं सगळं. मिरेल्ला पहिल्याच फेरीत. पंधरा वर्षं, आणि एका दुपारी!”

चौदा नंबरला मिरेल्ला २३१, फ्रेन्यान ११८. नेव्हिओची ६१. मागच्या वेळी १०४ होती. नगरसेवकपद गेलं.

“वहिनी, वहीत किती होती?”

“९६.”

“म्हणजे पस्तीस जण तोंडावर खोटं बोलले. ते सोड. त्या एकसष्टातली दोन ऐक. वर औषधवालीवर फुली आणि खाली बेल्लुको! केंद्रप्रमुखाने मोठ्याने वाचलं, सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकाचं अक्षर शाळेतल्या बाईंसारखं, मोत्याच्या ओळी. दुसरं तर वाचताच येईना, मत धरायचं की नाही यावर पाच मिनिटं वाद. शेवटी धरलं.”

माझ्या हातात कपबशी होती. ठेवली.

“घरातलंच कुणीतरी आहे,” इव्हानो म्हणाला. “बाहेरचा माणूस कशाला असले कष्ट घेईल? शोधून काढणार मी.”

“काय करणार शोधून?” नेव्हिओ म्हणाला. “माझं नाव लिहिलंय ना त्यांनी? एकसष्टांतले तेच दोघे खरे माझे.”

माझ्याकडे बघितलं नाही त्याने. की मीच बघितलं नाही.

मंगळवार, २७ मे

आश्रमात गेले. नन्सनी केक केला होता. मला कापून दिला आणि मग सगळ्या आपापल्या बशीकडे बघायला लागल्या. मी नगरसेवकाची बायको. पोट भरलंय म्हटलं.

गुरुवार, २९ मे

नेव्हिओ भिंतीवरची स्वतःची पोस्टरं सोलत होता. कुणी काढायला सांगितलं नव्हतं. उरलेली कार्डं बाराशे. मागची बाजू कोरी आहे, हिशेबाला होतील.

शनिवार, ३१ मे

पापनिवेदनाला गेले. फादर लिव्हिओ म्हणाले, “मत दिलंस, ते पाप नाही. मग काय सांगायला आलीस?”

“लपवलं, फादर.”

“कुणापासून?”

“नवऱ्यापासून.”

“मग मला काय सांगतेस? तीन ‘नमो मरिया’ म्हण आणि नवऱ्याशी एकदा बोल. पहिलं सोपं आहे.”

पहिलं लगेच केलं, तिथेच बाकावर.

सोमवार, २ जून

सुट्टी. दिवसभर घरात दोघंच. तीनदा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं, एकदा खिडकी लाव म्हटलं, एकदा काहीच नाही. तोही काही सांगायला आल्यासारखा दारात उभा राहायचा आणि मग म्हणायचा, “ऊन वाढलंय.” हरला आहे, त्याला एकटं राहू द्यावं. माझं ओझं आता त्याच्यावर कशाला?

इव्हानो तेरेसिनाच्या घरी भांडून आला. ‘मी नाही केलं’ म्हणत ती रडली. माझ्यामुळे.

गुरुवार, ५ जून

नव्या नगराध्यक्षीणबाईंनी पहिलाच कागद काढला: आश्रम हलवणं थांबवलं. सिस्टर लुचिल्लाचा फोन आला, मी उचलला. नेव्हिओला सांगितलं तर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खांदे हलत होते. हरल्याचं दुःख आत्ता वर आलं असेल, असं वाटलं.

सासूबाई म्हणाल्या, “बघ, म्हटलं नव्हतं? आपल्या नेव्हिओने बघितलं.” मी हो म्हटलं.

शनिवार, ७ जून

तोंडाने जमत नाही. हाताने जमतं मला. ऑर्नेल्लाला पत्र लिहिलं, तीन पानं. आजी कुठे जात नाही. बाबा निवडणूक हरले. त्यांच्या नावाची दोन मतं फुटली, त्यातलं एक मी दिलं, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही, फक्त लपवल्याचा आहे.

पाकीट चिकटवलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडं ठेवलं, वर मिठाची बरणी. नेव्हिओला म्हटलं, “मी चर्चमध्ये रोझरीच्या प्रार्थनेला जाते. पत्र वाचून पेटीत टाक.” आणि मागे न बघता गेले.

रविवार, ८ जून

पत्र तिथेच होतं, टाकलं नव्हतं. तिसऱ्या पानावर माझ्या सहीखाली दोन ओळी, कुणालाही वाचता येणार नाहीत अशा अक्षरात. मला येतात.

“ऑर्नेल्ला, दुसरं मत माझं. आता घरी येतेस का, उलट टपाली कळव.”