निळ्या पाण्याची दोन बोटं

तळवडे,
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. क्षितिज यास,

आजीचे अनेक आशीर्वाद. वाकडला बाराव्या मजल्यावर वारा बरा लागत असेल. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, मी लक्ष देत नाही. मी सांगतेय आणि तुझी चुलत बहीण सायली लिहितेय. ती माझ्या शिव्या गाळते, त्या तू मनाने भरून घे.

इंजिनिअर साहेब, एक विचारू? आमच्या गल्लीतल्या पॉलिशच्या शेडमधला ब्लोअर तू कधी डोळ्यांनी पाहिलास का? धूळ ओढून बाहेर टाकतो तो. म्हणजे टाकायला हवा. तिथल्या बायका भुवया झटकत घरी येतात.

मी सुपरवायझर सुरेंद्रशी भांडायला गेले, तर त्याने कागद पुढे केला. "आजी, दीडशे मिलिमीटर दाब आहे. इंजिनिअरची सही बघा."

बघितली. वाचता येत नसलं तरी ती सही मी ओळखते. दहावीत माझ्या कॅलेंडरवर गिरवून गिरवून तूच तारखा खराब केल्या होत्यास.

दीडशे म्हणजे आपली आठ बोटं पाणी. तुझे आजोबा ब्लोअर बनवायचे तेव्हा वीस वर्षं मोजायची नळी मीच धरली. एक टोक पाइपात, एक मोकळं, पाणी सरकेल तेवढा जोर. दुसऱ्या दिवशी तीच नळी घेऊन गेले. पाण्यात नीळ टाकली, म्हातारीला दिसावं म्हणून. भरली दोन बोटं!

सुरेंद्र म्हणतो, "आजी, तुमची बोटं जाड आहेत."

"मग तुझी लाव की!"

त्याचीही दोनच.

मोटरपासून पंख्याला जाणाऱ्या पट्ट्यावरची जाळी काढायला लावली, तेव्हा कळलं. सुरेंद्रच बोलला, तू घरबसल्या फोटो मागवलेस, मोटरच्या पाटीवरचा वेग घेतलास आणि तोच पंख्याला चिकटवलास. अरे, पंख्याची पुली मोटरच्या पुलीच्या दुप्पट आहे! पंखा फिरतो निम्म्याने. आणि वेग निम्मा झाला की दाब निम्मा होत नाही, पाव होतो. चार वर्षं कॉलेजात काय केलंस, बाकं मोजलीस?

माणूस चुकतो, ते मी पोटात घालीन. पण तुझा कागद दाखवून बायकांना गप्प बसवतात, ते नाही घालणार.

आता जे सांगू नको म्हणून मला शपथ घातली होती, ते. तीन महिन्यांपासून सायली त्याच शेडमध्ये कामाला आहे. दादाला वाईट वाटेल म्हणे. सकाळी थुंकते ते काळं असतं. बघ, लिहिता लिहिता थांबली. लिही गं. तुझ्या हातानेच जाऊ दे.

गुरुवारी शेड बंद. शुक्रवारी ये, मशीन चालू असताना. आधी तो कागद रद्द कर, मग मला भेट. उलटं चालणार नाही.

खाली सायली माझं नाव घालत होती, मी नको म्हटलं. अंगठा उठवतेय. आजवर मी न बघता तो कुठेच दिला नाही.

तुझी आजी,
(अंगठ्याचा ठसा)