माझ्या नावाने बारी नको

मी, रुपाली आसाराम औटी, वय ४६, शिक्षण बी.ए. मराठी, धंदा झेरॉक्स व टायपिंग, राहणार औटी वस्ती, तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर (माझ्या सर्व दाखल्यांवर अहमदनगर), आज लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, वाचलेले मला समजते आणि लिहिलेले आठवते. येत्या सोमवारी पुण्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. आणि त्याच बैठकीत जवळच्या नातेवाइकाची सही मागितली. म्हणून हा कागद.

यापुढचे वाक्य तहसील कचेरीसमोरच्या माझ्या दुकानात मी इतरांसाठी पुष्कळदा टाइप केले आहे: हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली न येता करत आहे. स्वतःसाठी लिहिताना हात थांबला. गेली चार वर्षे मी जे जे लिहिले, ते कोणाला काय वाटेल हे आधी पाहूनच लिहिले. तेव्हा एवढेच लिहिते की हा मजकूर लिहिताना माझा मोबाईल आईच्या खोलीत गोधडीखाली ठेवला आहे.

१. जमीन व घर. वडील वारल्यावर मी हक्कसोडपत्रावर राजीखुशीने सही केली आहे. जमिनीवर माझा दावा नाही आणि माझ्या नावाने कोणी करू नये. सोडचिठ्ठी घेऊन मी माहेरी आले तेव्हा माझे थोरले बंधू गोरक्ष (यापुढे दादा) यांनी वस्तीवर मला एक खोली बांधून दिली. ती त्यांचीच आहे. मात्र आई, झुंबरबाई, हयात असेपर्यंत त्या खोलीत झोपेल. तिथला पंखा बरा आहे, हे तिने कधी बोलून दाखवलेले नाही, पण दुपारी ती तिथेच सापडते.

२. दुकान व बचत. दुकानातील सर्व यंत्रे आणि बँकेतील ठेव भावजय चांगुणा हिला मिळावी. ठेवीतून आईच्या औषधपाण्याचा खर्च करावा. वहिनीकडून हिशेब कोणी मागू नये. मोठे झेरॉक्स मशीन कागद गिळते, तेव्हा डावीकडचे दार उघडून तो हलक्या हाताने ओढावा. वहिनीला हे माहीत आहे, तरी लिहिते, कारण दादा मशीनला चापट मारतात.

३. डायऱ्या. कपाटातील सर्व डायऱ्या बंबात घालाव्यात. पुठ्ठे आधी काढावेत, धूर होतो. त्यांत लपवण्यासारखे काही नाही. माझ्या रोजच्या शंका आहेत, बहुतेक त्याच त्या. त्यांतील एकही ओळ मोबाईलवरच्या पानावर (कलम ४ पाहावे) जाऊ नये.

४. काजळ्या. हे कलम लांबणार आहे, आणि खरे तर याच्यासाठीच हा सगळा कागद आहे.

काजळ्या हा आमच्या दावणीचा खिल्लार बैल. अंगाने पांढरा, डोळ्यांभोवती काळा. हक्कसोडपत्रावर सही करून आम्ही घरी आलो त्या दिवशी दादा गोठ्यात उभे राहून म्हणाले होते, "जमिनीचं तू सोडलं. मंग ह्यातलं एक वासरू तुझं. कोन्तं बी घे." मी सर्वांत अशक्त होते ते घेतले, कारण चांगले घेतले असते तर वहिनीला लागले असते. या व्यवहाराचा कागद नाही, पण काजळ्याच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याची सरकारी नोंद माझ्या नावावर आहे. तो माझा आहे हे दादा आजही नाकारत नाहीत.

पुढे बैलगाडा शर्यती परत सुरू झाल्या आणि ते अशक्त वासरू पळू लागले. कागद न्यायालयात वाचला जाण्याची वेळ आली तर समजावे म्हणून सांगते: आमच्याकडे गाडा ज्या चढाच्या मैदानावर पळतो त्याला घाट म्हणतात आणि गाड्याच्या एका धावेला बारी. काजळ्याने पहिली बारी मारली तेव्हा दादांचा मुलगा ओम याने मोबाईलवर बैलाच्या नावाचे पान उघडले. दर बारीनंतर त्यावर मी चार ओळी लिहू लागले. खाली 'काजळ्याची आत्या' अशी सही करायची, कारण घरात मी आत्याच आहे. वर्षभरात घाटावर अनोळखी माणसे मला त्याच नावाने हाक मारू लागली. पार सातारा जिल्ह्यापर्यंत 'काजळ्या परिवार' नावाचे गट झाले.

मला ते आवडत नव्हते असे लिहिले तर हे मृत्युपत्र खोटे ठरेल. सासरी ज्या बाईला कोणी नावाने हाक मारली नाही, तिला हजारो माणसे आत्या म्हणत होती. पण आत्या म्हटले की मागोमाग आत्याची कामेही येतात. लग्नाला गेले नाही की रुसवा. दुकानाच्या उद्घाटनाला एकाकडे गेले की दुसरा विचारी, त्याचे बैलावर जास्त प्रेम आहे का. सकाळी पानावर चार शब्द पडले नाहीत तर दहा वाजेपर्यंत दादांना फोन. मग बारशी सुरू झाली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायचा मान बाकीच्या बायांचा. मी दुकानात बसून मोबाईलवरून नाव सांगायची आणि तिकडच्या बाया मोबाईलच्या पाठीवर धपाटे घालायच्या. एकदा मोबाईल पाळण्यात पडला आणि बाळ रडायला लागले. ते चलचित्र सगळ्या गटांत फिरले. राहुरीकडच्या एका गृहस्थांना मुलाचे नाव काजळ्याच ठेवायचे होते. त्याला शाळेत जायचे आहे, असे मी म्हटले. आत्याला आता आपल्याच बैलाची लाज वाटते, असे त्यांनी त्याच दिवशी लिहिले.

गेल्या चैत्रात एका यात्रेत बारी संपवताना काजळ्या घसरला. मागचा उजवा पाय. जनावरांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले: चालेल, फिरेल, पण पुन्हा पळवला आणि पडला तर उठणार नाही. मी पानावर एवढेच लिहिले की काजळ्या आता पळणार नाही. संध्याकाळपर्यंत माझे दुसऱ्या गाड्याच्या मालकाशी संधान ठरले होते. मला विकत घेणाऱ्याचे नावही लोकांना माहीत होते, मला नव्हते. "काजळ्या तुझा न्हाई, पब्लिकचा हाय," असे एकाने लिहिले. ज्याच्या मुलीच्या कानात मी नाव सांगितले होते, तो हाच. थोड्या दिवसांनी राग मावळला आणि मागणी आली: निदान निरोपाची एक बारी. मी नाही म्हटले. त्यानंतर रोज कोणी ना कोणी वस्तीवर येऊ लागले. दादा माणूस म्हणून चांगले आहेत. दारात आलेल्याला चहा पाजतात आणि नाही म्हणायला विसरतात.

५. माझे मरण. हे एकदा होऊन गेले आहे, म्हणून याबद्दल नक्की सांगता येते.

दिवाळीनंतर तपासण्यांसाठी मला दोन दिवस पुण्यात ठेवले होते. मोबाईल बंद होता. पान दोन दिवस गप्प. नेवाशाकडे श्रीमंत नावाचा, फ्लेक्स छापणारा एक पोरगेला गृहस्थ आहे, परिवारातला जुना माणूस. आत्या आजारी आहे हे त्याला माहीत होते. आत्या दोन दिवस बोलत नाही म्हणजे काय, याचा अर्थ त्याने स्वतःच लावला. माझ्या फोटोला हार घालून, समई लावून त्याने 'भावपूर्ण श्रद्धांजली' सगळीकडे पाठवले. वस्तीवर बाया जमल्या. आई ओट्यावर भाजी निवडत होती. सकाळीच ती दादांच्या फोनवरून, दवाखान्याच्या फोनवर, माझ्याशी बोलली होती. ती बायांना म्हणाली, "माझी पोर मेली तर आदी मला कळंल का तुमच्या मोबाईलला?" आणि भाजी निवडत राहिली. वहिनीने मला नंतर सांगितले की त्या दिवशी आईने तीच जुडी पुन्हा पुन्हा निवडली.

गावी येताना गाडीत मी माझ्यावरच्या श्रद्धांजल्या वाचल्या. त्यांत चांगले पुष्कळ होते आणि रडूही आले, हे नाकारत नाही. पण दर चार माणसांमागे एकजण एकच गोष्ट लिहीत होता: आत्याच्या स्मरणार्थ काजळ्याची एक बारी झालीच पाहिजे. आत्याची शेवटची इच्छा. ही इच्छा मी कधी आणि कोणाकडे बोलले, हे कोणी विचारले नाही. एका ठिकाणी खाली ओमचे उत्तर होते. एकच शब्द: होणार.

घरी आल्यावर त्याला विचारले. तो म्हणाला, "लोकं इचारत हुती आत्या. काय सांगनार?"

"मी जित्ती हाय, हे सांगायचं."

"ते बी सांगितलं. त्याला लाईक कमी आले."

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरेच वाईट वाटले होते, माझ्या वतीने.

म्हणून आता स्पष्ट लिहिते. माझ्या पश्चात माझ्या स्मरणार्थ, श्रद्धांजली म्हणून, निरोप म्हणून किंवा अन्य कोणत्याही नावाने काजळ्याला घाटात उतरवू नये. माझी शेवटची इच्छा ही, याच कागदावर आहे; दुसरी कोणी सांगितली तर ती माझी समजू नये. पानावर ओमने पुढील मजकूर टाकावा, एक शब्दही न वाढवता: 'आत्या गेली. तिच्या आईला सांगून झाले आहे. काजळ्या पळणार नाही.' त्याखाली कोणाला काही लिहिता येणार नाही असे करावे, आणि तेराव्यानंतर पान बंद करावे. वहिनीला किंवा दुसऱ्या कोणाला परिवाराची आत्या करू नये. ज्या मुलांच्या कानात मी नावे सांगितली, ती नावे त्यांची. त्यापोटी ती माझे काही देणे लागत नाहीत.

६. श्रीमंत याजबद्दल माझी तक्रार नाही. तो दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन आला, पाया पडला, आणि मी जिवंत असल्याची लोकांना खात्री पटावी म्हणून त्याने माझ्यासोबत फोटो मागितला. मी दिला. का दिला, याचा मी अजून विचार करते. त्याने त्या श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्सही छापला होता, तो मी मागून घेतला आहे. गोठ्याच्या पश्चिमेला दुपारनंतर ऊन येते. तिथे तो काजळ्यावर सावली म्हणून बांधावा. छापील बाजू वर, आभाळाकडे. काजळ्याला माझ्या हाराकडे बघत बसायला लागू नये.

७. काजळ्या कोणाला. दादांना नाही; कारण वर आले आहे. गोशाळेत नाही, परक्याच्या हातची वैरण तो खात नाही. वहिनीला द्यावा असे फार वाटले, पण मग लोक तिच्या दारात बसतील आणि ओम मोबाईल हातात घेऊन बाजूला उभा राहील. मागणी पहिल्यांदा येते ती ओमकडे. नाही म्हणायचे ते त्यानेच. सबब काजळ्या, त्याच्या दावणीसह, मी भाचा ओम गोरक्ष औटी यास देत आहे.

हे शहाणपणाचे आहे का, मला माहीत नाही. दुधाच्या भांड्यापाशी मांजर बसवल्यासारखे हे कोणालाही वाटेल. पण परिवारातल्या शेकडो पोरांची मी मानलेली आत्या, ओमची जन्माने. त्याचे नाव सांगायला मी प्रत्यक्ष वाकले होते, आणि धपाटे माझ्याच पाठीत बसले होते. त्याच्याकडे मागायचा माझा हक्क आहे, असे मी धरून चालते.

मृत्युपत्र आधी वाचून दाखवू नये, असे गिऱ्हाइकांना मीच सांगत असते. तरी आज सकाळी मी हे ओमला वाचून दाखवले. तो खाली बघत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "आत्या, यात्रा कमिटीला शब्द दिलाय मी. पोस्टर छापून झाल्यात."

"फोटो कुनाचा हाय?"

"काजळ्याचा. अन् तुझा."

"माझ्या फोटोला हार हाय का?"

"न्हाई अजून," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आले. तो हसायला गेला, ते जमले नाही, आणि उठून गोठ्याकडे गेला.

माझ्या खिडकीतून गोठा दिसतो. तो काजळ्याच्या मागच्या पायापाशी उकिडवा बसला होता. त्याचा फोन वाजत होता. त्याने उचलला नाही. पुन्हा वाजला, तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा उचलला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत असावा. मग ओम म्हणाला, "न्हाई. न्हाई पळनार." आणि थोड्या वेळाने, जरा मोठ्याने, "आत्याला कशाला इचारता? बैल माझा हाय."

मी हयात आहे तोवर, कायद्याने, बैल माझा आहे. मी खिडकीतून दुरुस्ती केली नाही. इथेही करत नाही.

वर लिहिलेले सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले, आणि दोन साक्षीदारांच्या समोर सही केली. दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही, आणि दोघेही काजळ्या परिवारात नाहीत. असे दोघे शोधायला दोन दिवस लागले. डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे.

सही: रुपाली आसाराम औटी

साक्षीदार:
१. आदिनाथ भाऊसाहेब पठारे, चहाचे दुकान, तहसील कचेरीसमोर, पारनेर (सही)
२. केशरबाई नामदेव गट, शिवणकाम, पारनेर (सही)

ठिकाण: पारनेर
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५