कात्रणाची मागची बाजू

दि. ३ मार्च
चि. चिमणीस, काकाचे अ. उ. आ.
लहानपणी पहाटे पायरीवर पेपरची घडी धप्पकन पडायची. तो आवाज आज झोपेत ऐकला. मागोमाग बाबांचं खाकरणं आणि मोठ्याने वाचन. आता वाचनालयात तेच मी करतो. शिंप्याचे डोळे गेलेत, पोस्टमनला जवळचंही धूसर दिसतं. मी कवितेच्या चालीत वाचू लागलो, की शिंपी म्हणतो, मास्तर, बाजारभाव तरी सरळ वाचा.
शनिवारी नगरपालिका हे वाचनालय बंद करणार, असं छापून आलंय. तुझ्या नगराध्यक्षबाईंनी वाचलं असेल ना? आम्ही मग जायचं कुठे? मी काही सांगत नाही, फक्त कळवतो.
लोभ असू दे, आणि उन्हात कान झाक.
काका

दि. ६ मार्च
ती. काकांस सा. न.
‘फक्त कळवतो’ म्हणणारेच सगळ्यात जास्त कामं करून घेतात.
बाई पेपर उघडतच नाहीत. चहाबरोबर मी चिकटवलेली कात्रणं बघतात; त्यात नाही ते गावात घडलंच नाही. त्याआधी चिटणीस फाइल चाळून कुरकुरीच्या बातम्या काढतात. तुमची मी लावली, त्यांनी काढली. पुन्हा लावलीस तर घरी बस, म्हणाले.
आज पेपरात बाईंचा फीत कापतानाचा फोटो आला, आणि बरोब्बर त्याच्या मागे पुन्हा वाचनालयाची बातमी. चिटणिसांनी खुशीत मान डोलावली. एरवी मी चारी कडांना डिंक लावते, आज फक्त वरच्या कडेला लावला. बाई स्वतःचा फोटो उजेडात धरून बघतात, तसा त्यांनी उचलला. मागे बातमी अर्धीच. पुढे काय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, पुढचं माझे काका वाचून दाखवतात, वाचनालयात. चिटणीस तिथेच उभे होते. नोकरी उरली की नाही, लवकरच कळेल.
माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची चिमणी

दि. ९ मार्च
चि. चिमणीस अ. उ. आ.
छाती फुगली, काळजीही लागली. नोकरी गेलीच तर इथे ये. मला बाजारभाव वाचायला माणूस हवंच आहे. वाचन सोडून पत्र लिहितोय म्हणून दोघं धुसफुसताहेत, तेव्हा पुरे. जीव लावतेस तसाच लाव.
काका

ता. क. पाकीट चिकटवणार, तोच दार ढकलून एक बाई आत आल्या. एकट्याच. पोस्टमनने न ओळखता त्यांना दार लोटून घ्यायला फर्मावलं. त्यांनी लोटलं. मग भरलेल्या बाकाकडे बघत म्हणाल्या, की सहीला आलेल्या कागदावर ही खोली रिकामी आहे, तेव्हा जरा सरका, मला बसू द्या.