उजव्या हाताचा जबाब

कोल्हापूर,
नोव्हेंबर २००७

प्रिय सम्राट,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, अशी भीती होती, म्हणून पत्ता टाइप करून घेतलाय. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

दिवाळीच्या तोंडावर इथल्या पेपरात तुझा फोटो आला. दिल्लीत पुरस्कार घेतानाचा. कोल्हापूरच्या गवळ्याच्या मुलानं पिसाळ रोगाची, रेबीजची, अशी चाचणी शोधली, की मेलेल्या जनावराचं डोकं बर्फात घालून पुण्याला धाडायला नको, तालुक्याच्या दवाखान्यात तासाभरात निदान होतं, असं मोठ्या टायपात छापलं होतं. मला ते ठाऊकच होतं. मी आजऱ्याला होते तेव्हा तुमच्या चाचणीच्या पहिल्या संचांपैकी एक माझ्याच टेबलावर आला होता. बाजाराच्या दिवशी एका कुत्र्यानं म्हातारीच्या पोटरीचा लचका तोडला होता, पुढं दोन म्हशींच्या नाकपुड्या फाडल्या होत्या, आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून माझ्या दारात आणून टाकलं होतं. कुणाला लस द्यायची, कुठली जनावरं वेगळी बांधायची, हे त्या दिवशी दुपारच्या आत ठरलं. पूर्वी पुण्याच्या उत्तराची वाट बघण्यात माणसं जायची. संचाच्या कागदावर खाली तुझी सही होती. डाव्या हाताची, एका अंगाला कललेली. मी बराच वेळ त्या सहीकडं बघत बसले होते.

फोटोत तू पुरस्कारही डाव्या हातानंच घेतलायस. उजवा कोटाच्या खिशात. इथं सगळ्यांना वाटलं, सायबाची ऐट. ती ऐट नाही हे कोल्हापुरात तिघाचौघांना माहीत होतं, आणि त्यांतलं कुणी बोलत नव्हतं.

तुला त्या दिवाळीच्या पाडव्याबद्दल लिहायचं नाही, असं मी इतकी वर्षं ठरवून होते. आज लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. आपण दोघंही नुकतेच नोकरीला लागलो होतो, जनावरांच्या एकाच दवाखान्यात. तुला सर्जन व्हायचं होतं. अडलेल्या म्हशीच्या पोटातून वासरू काढताना तुझी बोटं अशी चालायची, की मी दिव्याचा प्रकाश धरायचा सोडून तुझ्या हाताकडंच बघत राहायची आणि तू खेकसायचास. पाडव्याला तुझे वडील, हंबीरतात्या, शेवंता म्हशीला घेऊन मिरवणुकीत आले होते. शिंगांना रंग, गळ्यात कवड्या, आणि तात्यांच्या मोटरसायकलच्या फाटक्या आवाजामागं ती अख्ख्या पेठेतून धावली होती. तात्यांनी मला हाक मारून सांगितलं होतं, "बघून घ्या डाक्टरीण, पोरगीगत संबाळलीया." दोन महिन्यांपूर्वी एका भटक्या कुत्र्यानं तिच्या तोंडाला चावा घेतला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या लेखी ते ओरखाडणं होतं.

भाऊबीजेला तिनं वैरण सोडली. तोंडातून लाळेच्या तारा, आणि हंबरणं असं फाटलेलं, की जणू घशात काही रुतलंय. तात्यांना वाटलं, उसाचं कांडं अडकलं. तू घरी नव्हतास. त्यांनी कोपरापर्यंत हात तिच्या घशात घातला. दातांनी कातडी सोलून निघाली, ती त्यांनी धोतराला पुसली.

दुसऱ्या दिवशी तिनं दावं तोडलं. आपण पोचलो तेव्हा तिच्या स्वतःच्या रेडकाचा चेंदामेंदा दारात पडला होता. धार काढायला आलेल्या कृष्णातच्या मांडीत शिंग घुसलं होतं, आणि तो भिंतीला टेकून दोन्ही हातांनी मांडी आवळून बसला होता. बोटांतून रक्त धारेसारखं गळत होतं. ती गल्लीत सुटली. स्कूटर उडवली, रसवंतीचा गाडा उलथला. मग काठ्या, पहारी, फरशा घेऊन माणसं आली. तू ओरडत होतास, "दोर टाका, मारू नका, तोंडाजवळ जाऊ नका!" कुणी ऐकेना. डोळा फुटला तरी ती उठायची, पाय मोडला तरी उठायची. शेवटी तात्यांनीच कुऱ्हाड घेतली. कपाळावर घाव घालताना ते आईवरून शिव्या देत होते आणि हुंदके देत होते.

तू डोकं मागितलंस. मेंदू तपासायला हवा म्हणालास. तात्या तुझ्या तोंडावर थुंकले. तरी आपण दोघांनी, हातमोजे घालून, तिथंच रस्त्यावर तिचं डोकं वेगळं केलं. बघणाऱ्या बायका आपल्याला कसाई म्हणाल्या. पुण्याहून फोनवर निकाल आला, आणि त्याच संध्याकाळी तू पेठेतल्या दूधकट्ट्यावर, गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतात तिथं, जाऊन उभा राहिलास. ज्यांनी आमच्या म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलंय, ज्यांच्या हाताला तिची लाळ लागलीय, त्यांनी उद्याच्या उद्या सरकारी दवाखान्यात जावं, असं तू सगळ्यांसमोर सांगितलंस. तालमीतले पैलवान, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, सगळ्यांनी हातातले पेले खाली ठेवले. मग कुणीतरी तुमची किटली लाथाडली. पाठोपाठ सगळ्या गवळ्यांच्या किटल्या रस्त्यावर आडव्या झाल्या.

सकाळी मी तुमच्या गोठ्यात बाकीच्या म्हशी तपासायला आले, ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून अजून हटत नाही. तुझ्या चुलत्यानं, आकारामनं, तुझं मनगट पाण्याच्या डोणीच्या दगडी काठावर दाबून धरलं होतं. दोघं तुझ्या पाठीवर बसले होते. "भाऊबंदांच्या अन्नात माती कालवतूस व्हय रं? ह्याच हातानं मुंडकं कापलंस न्हवं?" असं म्हणत त्यानं पहार उचलली. पहिल्या घावाला तू ओरडलास. दुसऱ्यानंतर ओरडला नाहीस. मी धावले तर कुणीतरी मला ढकललं आणि खांबावर आदळून माझ्या डोळ्यापुढं अंधारी आली. पण दोन गोष्टी मी बघितल्या. तात्या दारात उभे होते, हात खाली सोडून. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तुझी आई, बयामावशी होत्या, तोंडात पदराचा बोळा कोंबलेल्या.

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आला, तेव्हा तू सांगितलंस, म्हशीनं तुडवलं. मी बोलायला तोंड उघडलं तर तू डाव्या हातानं माझा हात इतका घट्ट दाबलास की मी गप्प बसले. नंतर म्हणालास, "शिवा, दारात बापही उभा होता. तोही आत जाईल." मला राग आला होता तुझा. अजूनही येतो. पण पुढं जे झालं, त्यानंतर तुझ्यावर रागावणंही मला जमेना.

तात्यांनी सुया टोचून घेतल्या नाहीत. "बेंबीभवती भोकं पाडून घ्याला मी काय चाळण हाय?" म्हणाले, आणि कुठल्या तरी बाबाचा पाला खाल्ला. आकारामनं मात्र गुपचूप मिरजेला जाऊन सगळी इंजेक्शनं पुरी केली, हे मला तिथल्याच एका डॉक्टरकडून नंतर कळलं. संक्रांत झाली आणि तात्यांच्या हाताला मुंग्या आल्या. मग पाणी बघितलं की घसा आवळायचा, पंख्याचा वारा लागला की सगळं अंग धनुष्यासारखं वाकायचं. त्यांना खाटेला बांधावं लागलं. एवढा पैलवान गडी, दोर तोडत होता, ओठ चावून रक्ताची फेसाळ लाळ उडवत होता. कुणी जवळ जाईना. तू स्वतःला लस टोचून घेतली होतीस, प्लॅस्टर घातलेला हात गळ्यात अडकवून तू उशाशी बसलास आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलंस. मधेच घटकाभर ते शुद्धीत आले. तुझ्या प्लॅस्टरकडं बघत म्हणाले, "लई दुखतंय का रं?" तू नाही म्हणालास. ते त्यांचं शेवटचं धड बोलणं.

तेराव्यानंतर तू बरेलीला संशोधनाला निघून गेलास. मला स्टँडवरही बोलावलं नाहीस. त्याच आठवड्यात मी नेसरीला घरी जाऊन अप्पांना तुझं नाव सांगून टाकलं होतं. आमच्या लिंगायत घरात गवळ्याचा जावई, म्हणून अव्वा रडली, अप्पांनी मात्र गूळ तोलता तोलता एवढंच विचारलं, "मुलगा विचारायला कधी येतोय?" नंतर त्यांनी दोन-चार स्थळं आणली. एकासमोर मी बसलेही. त्या माणसाचे हात चांगले होते, एवढंच आठवतं.

तू मोडक्या हातानं प्रयोगशाळेत शिरलास आणि एवढं मोठं काम केलंस. मी शोधबिध लावला नाही. नेसरी, आजरा, कबनूर, जिथं बदली झाली तिथं कुत्री धरून लस टोचत राहिले. माझ्या पोटऱ्यांवर दातांचे व्रण आहेत. कबनूरला यंत्रमागाच्या कारखान्यामागं विष घालून कुत्री मारणाऱ्यांनी माझी जीप फोडली. पण आजऱ्यातल्या माझ्या शेवटच्या वर्षात त्या तालुक्यातून तुझ्याकडं फेरतपासणीला आलेला एकही नमुना बाधित निघाला नाही. तू ते नोंदलं असशीलच. नमुन्यावर नाव माझं असायचं.

आता परवाची गोष्ट. रविवारी सकाळी तालमीत तुझ्या सत्काराची बैठक होती. सरकारी डॉक्टरीण म्हणून मलाही बोलावणं होतं. आकाराम आता तिथला मोठा माणूस. फेटा बांधून बसला होता. उघड्या जीपमधून मिरवणूक काढायची, पाच हलग्या लावायच्या, असं ठरत होतं. मावशींना साडी द्यायची म्हणून पुढं खुर्चीवर बसवलं होतं. आकाराम उठून म्हणाला, "आमच्या पोराला आमीच घडीवलं. म्हशीनं हात तुडिवला, तरी आमी त्येला शिकीवला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठणार एवढ्यात मावशी उठल्या.

"म्हशीला पाय असत्यात," त्या म्हणाल्या. "पहार नसती."

आकाराम हसला, "वैनी, बसा खाली." त्या बसल्या नाहीत. "माज्या पोराची बोटं तू मोडलीस. मी उंबऱ्यात हुती. बोळा काढला न्हाय तोंडातला, न्हवरा हुता म्हून. आता कुनासाठी गप्प बसू?" आकारामनं भर सभेत त्यांच्या कानशिलात लगावली. त्या खुर्चीसकट पडल्या, कपाळ फरशीवर फुटलं. तीस-चाळीस पैलवान होते तिथं सम्राट, एकही हलला नाही. मी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत त्या स्वतःच उठल्या. समोर ओवाळणीचं पितळी ताट होतं. ते दोन्ही हातांनी उचलून त्यांनी काठानं आकारामच्या तोंडावर हाणलं. त्याच्या नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो गुडघ्यावर आला, तर त्यांनी पुन्हा हाणलं. दात पडले. तिसऱ्या वेळी मी त्यांना कमरेला धरून मागं ओढलं. अख्खं अंग तापलेलं होतं, आणि त्या मला एकच विचारत होत्या, "माजं पोरगं डाव्या हातानं जेवतंय का गं?"

बयामावशी आता माझ्याकडं राहतात. कपाळाला टाके आहेत, पण बऱ्या आहेत. त्या घरात परत जाणार नाहीत. काल आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो होतो. आकारामनं आधीच त्यांच्यावर तक्रार दिलीय, वेडसर बाईनं हल्ला केला म्हणून. फौजदारांनी मावशींची बाजू लिहून घेतली, माझी साक्ष घेतली, पण जुन्या मारहाणीच्या फायलीत तुझ्याच सहीनं म्हैस लिहिलेली आहे. ज्याचा हात त्यानं येऊन खरं काय ते सांगावं, नाहीतर बाईच खोटी ठरेल, असं ते म्हणाले. म्हणून हे पत्र. सत्काराला येऊ नकोस, सत्कार आता होणारही नाही. जबाब द्यायला ये. तुझी आई प्रत्येक वेळी जेवायला बसण्याआधी दारात जाऊन उभी राहते, आणि मी तिला अजून सांगितलेलं नाही, की तू येशील की नाही हे मलाही माहीत नाही.

अजूनही तुझीच,
शिवलीला