लिलावातलं पिस्तूल

पाइन फोर्क,
१४ नोव्हेंबर

प्रिय व्हर्जिल,

तू आणि जोलीन बरे असाल. इकडे थंडी पडली आहे. आईचे गुडघे दुखतात, पण जेवते व्यवस्थित. थँक्सगिव्हिंगला दरवर्षीसारखं तुझ्याकडे जेवायचं ठरलं होतं. मी येणार नाही. त्यासाठी आणलेली रताळी शेजारणीला देऊन टाकली.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय.

गेल्या महिन्यात तुझ्यासाठी मक्याचा पाव घेऊन तुझ्या बंदुकांच्या दुकानात आले होते. तू मागच्या खोलीत होतास. उगाच काचेच्या कपाटात बघत उभी राहिले, आणि खालच्या फळीवर ते दिसलं. मुठीचा तोच टवका उडालेला. जोलीनने बिचारीने काढून दिलं. नंबर वाचला. कोर्टात वकिलाने तो तीनदा वाचला होता, झोपेतही सांगेन मी.

माझ्या टेसाला मारणारा तुरुंगात गेला. ज्या पिस्तुलाने मारलं, ते तिच्या मामाच्या दुकानात विकायला आलं.

तू म्हणालास, "अगं ताई, कायदाच तसा आहे. जप्त केलेली हत्यारं पोलिसांना मोडता येत नाहीत, लिलाव करावाच लागतो. आम्ही परवानावाले अख्खी पेटी उचलतो, आत काय ते कोण बघतं? मी नाही तर दुसऱ्याने घेतलं असतं." वर हेही ऐकवलंस, की त्याच पैशातून पोलिसांना गोळी अडवणारी जाकिटं मिळतात.

पोलिसांना जाकिटं, तुला माल, हा कायदा आणणाऱ्या आमदाराला मतं. टेसाला काय मिळालं रे?

आणि कोण बघतं, हे मला सांगू नकोस. प्रत्येक नंबर वहीत लिहिल्याशिवाय तुला माल विकता येत नाही. वही तू कुणाच्या हाती देत नाहीस. तो नंबर ऐकताना कोर्टात माझा हात धरून कोण बसलं होतं?

त्या आमदाराची प्रचाराची पाटी माझ्याही अंगणात होती. चांगलं हत्यार वाया कशाला घालवायचं, असं मीच बोलले होते. ते मी भोगतेय. आता तुझी पाळी.

मला दे, कापून टाकते, म्हटलं. दोन दिवसांनी आले तर फळी रिकामी. तू म्हणालास, "विकलं गेलं. गिऱ्हाइकाचं नाव सांगता येत नाही."

म्हणून मी तुझ्या दारासमोर खुर्ची टाकली. टेसाचा फोटो, खाली तो नंबर. येईल त्याला सांगते, घरी जाऊन आपल्या पिस्तुलाचा नंबर बघा. गेल्या शनिवारी सातजण पायरीवरून परत फिरले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. तू शेरीफला बोलावलंस. तो म्हणाला, फूटपाथ सरकारी आहे, बसू द्या बाईंना.

दुकान बंद कर म्हणत नाही मी. उघड, रोज उघड, आणि आतून माझ्याकडे बघत बस. ते पिस्तूल परत मिळेपर्यंत मी उठणार नाही.

आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, तिला झेपणार नाही, अशी ताकीद तू जोलीनला दिलीस म्हणे. मी काल आईला सगळं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "नंबर त्याने स्वतःच्या हाताने लिहिला?"

मी हो म्हटलं.

ती मग म्हणाली, "शनिवारी माझीही खुर्ची घे."

टेसाची आई,
लोरीन